ग्लेनिसवहिनी बुडत नाही

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्याकडचा उन्हाळा तोंडावर आलेला असताना, कौन्सिलचं पत्र आलं आणि ते सगळ्यात आधी माझ्याच हातात पडलं. आमच्या मेरिंगुकमध्ये टपालाची खिडकी दुकानातच आहे, एका बाजूला पिठाच्या पिशव्या, दुसऱ्या बाजूला माश्यांच्या औषधाचे डबे, आणि त्या खिडकीमागे गेली सव्वीस वर्षं मी बसते. पत्र गावच्या पोहण्याच्या तलावाच्या समितीच्या नावावर होतं. समितीचा अध्यक्ष एरॉल शुल्त्झ. त्यानं ते माझ्यासमोर फोडलं, दोनदा वाचलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"नेरिडा, टाहलिया शहरात गेली ना गं?"

"एप्रिलमध्येच गेली. नोकरी लागली तिला. का?"

"मग झालं. या उन्हाळ्यात तलाव बंद."

टाहलिया आमची जीवरक्षक होती. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेलं माणूस काठावर हजर नसेल तर फाटकाचं कुलूप काढायचं नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. गावात माणसं दीडशे, आणि प्रमाणपत्रवालं एकही नाही.

त्याच रविवारी हॉलमध्ये सभा झाली. शाळा बंद झाली तेव्हा आम्ही रडलो होतो. बँक गेली तेव्हा शिव्या दिल्या होत्या. पण तलाव जाणार म्हटल्यावर कुणी तोंडच उघडेना. नुसता पंख्यांचा आवाज. बाहेर सावलीत बेचाळीस अंश तापमान होतं आणि डिसेंबर अजून लागायचा होता.

"कोण देतं परीक्षा?" एरॉलनं विचारलं.

मग एकेकाची कारणं सुरू झाली. कुणाच्या गव्हाची कापणी चालू होती, कुणाचं बाळ तीन महिन्यांचं होतं, कुणाचा गुडघा दुखत होता. कारणं खोटी नव्हती, पण ऐकून ऐकून कंटाळा आला. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "मी देते."

ती माझी भावजय होती. ग्लेनिस पॅस्को, वय चौसष्ट. माझा भाऊ कॉलिन दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ती एकटीच राहते. तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, त्यामुळे चाळिशीच्या आतलं गावातलं प्रत्येक माणूस तिच्या ओरड्यानं लहानाचं मोठं झालेलं. उन्हाळ्यात ती रोज सकाळी रबरी फुलांची टोपी घालून तलावाच्या वीस फेऱ्या मारायची. अंगानं गोलमटोल, चालताना धापा टाकायची, पण पाण्यात पडली की आगबोट.

एरॉल हसला. त्याला हसू आवरतच नाही, जन्माची खोड आहे.

"ग्लेनिस, तू जीवरक्षक झालीस तर तुला वाचवायला आणखी एक ठेवावा लागेल."

"माझं मी बघते. तू बुडालास तर मात्र मी आधी चहा संपवीन, मग उठीन."

सगळा हॉल हसला. ग्लेनिसवहिनी मात्र हसली नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "परीक्षेत एक माणूस बुडाल्याचं सोंग करतो आणि त्याला ओढून बाहेर काढायचं असतं. एरॉल, तू माझा बुडणारा. एकशे बारा किलो काढले तर मग कुणालाही काढीन. आहे कबूल?"

एरॉलचं हसू एकदम थांबलं. माझं तेव्हा लक्ष गेलं त्याच्याकडे, पण अर्थ कळला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. त्याला नाही म्हणता आलं नाही.

घरी परतताना मी तिला म्हटलं, "वहिनी, हे काय काढलंस मध्येच?"

"लीअ‍ॅनचा फोन आला होता." लीअ‍ॅन तिची मुलगी, बॅलरॅट शहरात असते. "तिच्या घराजवळ दोन खोल्यांचं घर बघितलंय म्हणे माझ्यासाठी. पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. दांडा, नेरिडा! मी चौसष्ट वर्षांची आहे, चौऱ्याण्णव नाही."

"काळजीपोटी म्हणते गं ती."

"ते मला कळतं. म्हणून तर राग येतो."

सरावासाठी कौन्सिलनं किल्ली दिली. एका वेळी किमान तिघं हवीत, अशी अट होती. मी घड्याळ धरायचं, ग्लेनिसनं पोहायचं, एरॉलनं बुडायचं. रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही जमायचो. पहिल्याच दिवशी वहिनीनं चारशे मीटर असे कापले की मी घड्याळ दोनदा तपासलं. वेळ हातात ठेवून आली होती बया.

"आता बुडणारा," ती म्हणाली.

एरॉल जुनी फुटबॉलची चड्डी, अंगात बनियन आणि डोक्यावर टोपी घालून शिडीशी उभा होता. दोन पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला लागलं.

"गार आहे," तो म्हणाला.

"एरॉल, बाहेर चाळीस अंश आहेत."

"म्हणूनच गार लागतंय."

त्या दिवशी तो कमरेच्या वर भिजला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचं कापणीचं यंत्र बिघडलं. तिसऱ्या दिवशी त्याची पाठ दुखत होती. चौथ्या दिवशी तो आला, पण क्लोरीन मोजायचंय म्हणून काठावरच फिरत राहिला. शेवटी ग्लेनिसनं त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. निथळत होती, कमरेवर हात होते. बसमध्ये मागच्या बाकावर दंगा झाला की ती अशीच उभी राहायची.

"खरं सांग. काय भानगड आहे?"

एरॉलनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मला पोहता येत नाही."

हा माणूस एकोणीस वर्षं तलाव समितीचा अध्यक्ष होता. तलावाचा तळ घासणं, पंप दुरुस्त करणं, गवत कापणं, सगळं त्याच्याकडे. उन्हाळ्यात रोज इथे दिसायचा. आणि आता आठवायला लागल्यावर लक्षात आलं की आम्ही त्याला कायम काठावरच पाहिलं होतं, टोपी घालून, हातात जाळी घेऊन.

"सहा वर्षांचा असताना शेततळ्यात पडलो होतो," तो म्हणाला. "काकानं पँटच्या पट्ट्याला धरून बाहेर काढलं. त्यानंतर बुटाच्या वर पाणी आलं की पोटात गोळा येतो. आता गावाला कळलं तर हसून हसून मरतील."

"मग इथे एकोणीस वर्षं कशाला राबलास?" मी विचारलं.

"माझी पोरं बुडू नयेत म्हणून. ती शिकली. मग पोरांची पोरं आली."

मला वाटलं आता वहिनी त्याची चांगली हजेरी घेणार. हॉलमधल्या हसण्याचा हिशोब बाकी होता ना. पण ती त्याच्या शेजारी बसली. बाक करकरला.

"उद्यापासून अर्धा तास लवकर ये," ती म्हणाली. "आधी तुला तरंगायला शिकवते. नेरिडा, हे बाहेर गेलं तर तुझं टपाल मी जाळीन."

"अगं, मी कशाला सांगू?"

"तू पोस्टात बसतेस, म्हणून म्हणते."

पुढचे दहा दिवस मी जे पाहिलं त्याला तोड नाही. ग्लेनिस छातीभर पाण्यात उभी, दोन्ही हात एरॉलच्या पाठीखाली, आणि एरॉल डोळे गच्च मिटून आडवा, टोपी तशीच डोक्यावर.

"मान सोड. मान सोड रे! गव्हाचं पोतं उचलायचं नाहीये."

"सोडली."

"ही सोडलेली मान आहे? हिच्यावर घर बांधता येईल."

सातव्या दिवशी तिनं हात काढून घेतले आणि त्याला सांगितलंच नाही. तो तरंगत राहिला. वर झाडावरून गुलाबी काकाकुव्यांचा थवा आरडाओरडा करत उडाला, तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "ग्लेनिस, हात सोडू नकोस हं."

"केव्हाच सोडले."

त्याचं तोंड उघडलं, त्यात पाणी गेलं, तो खोकत उभा राहिला. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद असा होता की मीच दुसरीकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला कुणी टक लावून बघू नये अशा वेळी.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठ्या गावाहून परीक्षक आली, तिचं नाव इमोजन अ‍ॅन्सेल. वय सव्वीस असेल, हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात शिट्टी. फाटकाबाहेर निम्मं गाव जाळीला नाक लावून उभं होतं. लेखी पेपर झाला, पोहणं झालं, रबरी पुतळ्याची छाती दाबून झाली. एरॉलला ओढून बाहेर काढताना वहिनीचा चेहरा बीटसारखा झाला, पण काढला. जाळीबाहेर टाळ्या पडल्या.

"आता शेवटचं," इमोजन म्हणाली आणि विटेएवढं रबरी वजन खोल बाजूला टाकलं. "हे तळातून हातानं आणायचं, मिसेस पॅस्को."

इथे घोळ झाला. सरावात आम्ही वहिनीचं जुनं पातेलं पाण्यात टाकत होतो, पण छातीभर पाण्यात. ते ती पायाच्या बोटांनी उचलायची, आणि आम्हाला वाटायचं यात काय मोठंसं. खोल बाजूला कधी गेलोच नव्हतो, एरॉलसाठी.

ग्लेनिसनं मोठा श्वास भरला, डोकं खाली घातलं, पाय झाडले. अर्ध्यापर्यंत गेली आणि बूच वर यावं तशी वर आली. दुसऱ्यांदा गेली, पुन्हा वर आली. तिसऱ्यांदा तर नुसता पार्श्वभागच पाण्याबाहेर हलताना दिसत होता. जाळीबाहेर कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं.

"मी बुडतच नाहीये!" वहिनी ओरडली. रागानं की रडवेली होऊन, कळेना.

इमोजनला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "बाकी सगळं उत्तम आहे, मिसेस पॅस्को. पण हे जमल्याशिवाय मला सही करता येणार नाही. दोन आठवड्यांनी मी पुन्हा येते."

त्या संध्याकाळी वहिनीनं दार उघडलं नाही. मी पायरीवर मटणाच्या चॉप्सचं ताट ठेवून आले. खिडकीतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. "हो लीअ‍ॅन. बघितलंय तर राहू दे बघून. मी विचार करते." कॉलिन गेला तेव्हाही तिचा आवाज इतका पडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना सल्ले फुटले होते. कुणी म्हणे कमरेला शिसं बांधा, कुणी म्हणे आठवडाभर उपाशी ठेवा. एरॉल तिथेच कपाटाला टेकून उभा होता.

"बास झालं," तो म्हणाला. "तुमच्यातला कुणी हात वर करत नव्हता, तेव्हा तिनं केला. आणि एक सांगतो. मला पोहता येत नव्हतं. एकोणीस वर्षं तुम्हाला फसवत होतो. तिनं मला दहा दिवसांत तरंगायला शिकवलं आणि एका शब्दानं कुठे बोलली नाही. आता हसा."

कुणीच हसलं नाही. त्याचा कान लाल झाला होता. माझ्या खिडकीसमोर पार्सल घ्यायला मारिसोल उभी होती, दवाखान्यातली नर्स. फिलिपिन्समधून येऊन तिला आठ महिने झाले होते. सगळ्यांना टोचून झालं होतं, सगळ्यांचा रक्तदाब बघून झाला होता, पण तिच्याशी हवापाण्यापलीकडे कुणी बोललेलं मला आठवत नव्हतं. मीसुद्धा नाही.

"त्या श्वास भरून खाली जातात का?" तिनं हळूच विचारलं.

"मग? श्वास भरल्याशिवाय कसं जाणार?" मी म्हटलं.

"भरायचा, पण थोडा सोडून जायचं. छातीत हवा भरली की माणूस फुगा होतो. आणि पाय मारायचे नाहीत, पाय आकाशाकडे उभे करायचे. त्यांचं वजनच खाली ढकलतं. माझे मामा शिंपले काढायचे समुद्रातून. आम्ही पोरी त्यांच्यामागून जायचो."

दुकानातली सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"अगं, मग तू तलावावर कधी आली नाहीस ती?" एरॉलनं विचारलं.

"मी आले तेव्हा बंद होता. आणि मला वाटलं, तो इथल्या कुटुंबांचा असेल. कुणी काही म्हटलं नाही."

एरॉलनं टोपी काढली. मी तिचं पार्सल उगाच दोनदा पुसलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मारिसोलला घेऊन वहिनीच्या दारात गेलो. तिनं दार उघडलं, डोळे सुजलेले.

"आता काय?"

"ही तुला बुडवायला आलीये," एरॉल म्हणाला.

तलावावर मारिसोलनं चपला काढल्या आणि टी-शर्ट, अर्धी चड्डी अशी कामावरच्या दमलेल्या चेहऱ्यानं काठावर उभी राहिली. मग ती पाण्यात गेली. शिंतोडासुद्धा उडाला नाही. खाली वाकून पाहतो तर बाई तळाशी मांडी घालून बसलेली, केस वर उभे, आणि आमच्याकडे बघून हात हलवतेय.

"ही श्वास घेते की नाही?" एरॉल घाबरला.

"वर आली की घेईल. तू नको सोडूस तुझा," वहिनी म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या आवाजात मिश्कीलपणा आला.

शिकवणं सोपं नव्हतं. तीस वर्षं बस चालवलेल्या बाईला कुणी सूचना दिलेल्या आवडत नाहीत.

"मावशी, श्वास सोडा."

"सोडला."

"नाही सोडला. गाल फुगलेत तुमचे."

"ते माझे गालच आहेत!"

मारिसोल तोंड दाबून हसली, मग सगळेच हसलो. पाचव्या दिवशी वहिनीची बोटं तळाला लागली. आठव्या दिवशी पातेलं वर आलं. ते तिनं डोक्यावर पालथं घालून पाण्यातच एक गिरकी घेतली. तेवढ्यात एरॉलनं मारिसोलला विचारलं, "तूही देतेस का परीक्षा?"

"माझी ड्यूटी असते दिवसा. शनिवार-रविवार मोकळी असते."

"शनिवार-रविवारच तर सगळ्यात गर्दी. एकट्या ग्लेनिसला आठवडाभर बसवलं तर ती उन्हानं भाजून निघेल."

"माझ्या वतीनं बोलू नकोस," ग्लेनिस पाण्यातून ओरडली. मग मारिसोलकडे वळून म्हणाली, "पण दे गं पोरी. मला सोबत होईल."

इमोजन दुसऱ्यांदा आली तेव्हा जाळीबाहेर निम्मं नाही, अख्खं गाव होतं. शेतावरची दोन कापणी यंत्रं रस्त्याच्या कडेला उभी करून माणसं आली होती. मारिसोलचं सगळं अर्ध्या तासात आटोपलं. वीट तर तिनं अशी आणली जशी कपाटातून बशी काढावी.

मग वहिनी. वीट पडली. वहिनीनं श्वास घेतला, आणि जाळीबाहेरून सव्वाशे माणसं एका सुरात ओरडली, "सोड!" तिनं सोडला. पाय आकाशाकडे उभे राहिले, एकदा हलले, आणि नाहीसे झाले. मी मोजत होते. चार, पाच, सहा. एरॉल माझं मनगट धरून होता. नऊ आकडा म्हणायच्या आत रबरी फुलांची टोपी वर आली आणि तिच्या मागोमाग वीट धरलेला हात. तिच्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो मी इथे लिहू शकत नाही, पण तो आनंदाचाच होता.

"एकदा वाचवण्याचंही बघून घेते," इमोजन हसत म्हणाली. "मिस्टर शुल्त्झ, खोल बाजूला जाल का?"

एरॉल गेला. कडेच्या दांड्याला धरून गेला, पण स्वतः गेला. मग दांडा सोडला, पाठीवर आडवा झाला आणि डोळे मिटून तरंगत राहिला. चेहऱ्यावर अशी शांती की जणू घरच्या पलंगावर पडलाय.

"मिस्टर शुल्त्झ," इमोजन म्हणाली, "तुम्ही बुडताय ना?"

"अं? हो, हो."

"मग जरा बुडा हो. निदान हात तरी हलवा."

त्यानं लग्नात नवरदेव हलवतो तसा हात हलवला. जाळीबाहेर माणसं पोट धरून हसत होती. वहिनीनं पाण्यात सूर मारला, त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि ओढत म्हणाली, "एरॉल, मेल्यासारखा पड, नाहीतर खरंच बुडवते." इमोजननं काठावरच दोन्ही कागदांवर सह्या केल्या. एका कागदावर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली, ती दुसऱ्या दिवशी मला टपालात दिसली.

नाताळाआधीच्या शनिवारी कुलूप निघालं. सॉसेज भाजले, कुणी केक आणले, मारिसोलनं शेवयांचं मोठं भांडं भरून आणलं आणि ते सगळ्यात आधी संपलं. एरॉल नातवंडांसोबत पाण्यात उतरला. नातवंडांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी त्याच्या पोटावर चढून उड्या मारल्या.

नाताळात लीअ‍ॅन आली. भर दुपारी सरळ तलावावर आली, तर आई उंच खुर्चीवर बसलेली, नाकाला पांढरं मलम लावलेलं, तोंडात शिट्टी. लीअ‍ॅन काठावरून धावत तिच्याकडे निघाली आणि लगेच शिट्टी वाजली.

"काठावर धावायचं नाही! नियम सगळ्यांना सारखा!"

लीअ‍ॅन जागच्या जागी थांबली. मग हळूहळू चालत माझ्याजवळ आली, बाकावर बसली आणि बराच वेळ आईकडे पाहत राहिली.

"आत्या, त्या घराचं मी तिला आज विचारणार होते."

"मग विचार की."

"आत्ता?" तिनं वर खुर्चीकडे पाहिलं. तिकडे ग्लेनिसवहिनी एका आडदांड शेतकऱ्याला, ज्याला तिनं पहिलीपासून बसमधून नेलं होतं, उथळ पाण्यात सूर मारल्याबद्दल झाडत होती आणि तो "हो मिसेस पॅस्को, नाही मिसेस पॅस्को" करत मान खाली घालून उभा होता. लीअ‍ॅनला हसू फुटलं. तिनं पिशवीतून पोहण्याचे कपडे काढले आणि मला म्हणाली, "पाणी गार आहे का गं?"

"छान आहे," मी म्हटलं. "जा. पण चालत जा."